मान हलली

"मी, राजय्या मल्लेशम यलगम, वय अठ्ठ्याहत्तर,
धंदा यंत्रमाग, राहणार साखर पेठ, सोलापूर,
स्थिर बुद्धीने, राजीखुशीने लिहून ठेवतो की…"
इथवर सगळी मृत्युपत्रं सख्खी भावंडं.
भांडण पुढच्या ओळीला सुरू होतं:
"मुलीस लग्नात दिले-घेतले आहे."

ती मुलगी माझ्यासमोर बसलेली. भूदेवी, वय एकावन्न.
दिलं-घेतलं ते नवऱ्याच्या दम्यात गेलं,
मग नवराही.
अठरा वर्षं माहेरच्या पुढच्या खोलीत
हजार विड्या वळायच्या आणि म्हाताऱ्याचं हागणं-मुतणं काढायचं.
वकीलपत्रावर सही करताना म्हणाली,
"अक्का, पोटापुरते दोन माग मागितले
तर पाप लागंल का?"
मी म्हटलं, सही इथं कर. आणि इथं.

मिळकतीचं वर्णन लिहायला घेतलं.
पूर्वेस गाजूल यांचे घर, पश्चिमेस बोळ,
उत्तरेस सार्वजनिक नळ, दक्षिणेस भिंत.
"नुसती भिंत नाही," ती म्हणाली,
"भिंतीपल्याड आठ माग. नाना तिलाच टेकून असायचे.
खटक्याबरोबर मान हलायची, खाली-वर, खाली-वर,
झोपेतसुद्धा. पन्नास वर्षं उभं राहिलेला माणूस."
चतुःसीमेत आवाज बसत नाही.
मी भिंत लिहिली.

मग तिनं ते सांगितलं.
एका रात्री पेज भरवताना तिनं विचारलं होतं,
नाना, पूर्वेकडचे दोन माग माझे ना?
"आणि?"
"मान हलली की."
हे मात्र मी लिहून घेतलं. प्रतिज्ञापत्र, परिच्छेद सात.

आज साक्षीदार नंबर दोन. दवाखान्यातला कंपाउंडर,
शर्टाला इस्त्री, तोंडात बडीशेप.
मृत्युपत्र कुणी वाचून दाखवलं? मीच.
कुठल्या भाषेत? मराठीत.
राजय्या घरात काय बोलायचे? तेलुगू.
सही तेलुगूत करायचे? असतील.
मग इथं अंगठा का? हात थरथरायचा.
समजलं त्यांना? समजलं ना, मान हलवली.

हाच धागा मला हवा होता.
पुढचा प्रश्न तीन रात्री घोटलेला:
ती मान दिवसभर हलतच असायची, खरं ना?
तोंड उघडणार, एवढ्यात तो आपणहून म्हणाला,
"त्या दिवशी डीपी जळालेला, मॅडम.
सकाळपासून पेठेत लाइट नाही. आत दिसंना,
म्हणून खाट ओट्यावर आणून वाचलं."

बिराजदार वकील पक्षकाराच्या कानाशी लागलेले.
न्यायाधीश घड्याळाकडे बघत होते.
फक्त टायपिस्टनं ऐकलं, कारण तिला सगळंच टाइप करायचं असतं.
पंखा गरगरत होता.
मी मागं वळून पाहिलं.
भूदेवी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली,
बोटं विडी वळल्यासारखी चाललेली,
पान नाही, तंबाखू नाही.
एकाएकी थांबली.

"आणखी प्रश्न नाहीत," मी म्हटलं.
वकिलीत गप्प बसण्याची फी वेगळी लागत नाही.

बाहेर व्हरांड्यात तिनं पदराच्या गाठीतून नोटा काढल्या,
तीन शंभराच्या, बाकी दहा-दहाच्या.
पुढची तारीख सव्वीस, मी सांगितलं, युक्तिवाद होईल.
साक्षीदाराच्या बोलण्यात खूप फटी आहेत, मी सांगितलं.
धाकट्या भावानं दुरून
चहाचा कप वर करून विचारलं, घेतेस का?
तिनं नको म्हटलं, पण हसून.

दोन पायऱ्या उतरली. परत वर आली.
जवळून, जणू शेजारणीचं गुपित सांगावं तसं,
म्हणाली, "अक्का,
मी विचारलं तेव्हा
रात्रपाळी चालू होती."